काकांच्या बाल्कनीतली फांदी

आंब्याची फांदी वर्षातून नेमकी कधी कापावी, या एका प्रश्नावर मी इतक्या लोकांचं डोकं खाल्लं आहे की ऑफिसात हल्ली मला येताना बघून काही जण फोन कानाला लावतात. एवढं करून उत्तर मला अजून माहीत नाही. एकाने दिलेलं उत्तर दुसऱ्याने खोडलं, दुसऱ्याचं तिसऱ्याने, आणि सगळ्यांचं मिळून बाबांनी.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही. तळमजल्यावर बाबा आणि मी. बरोबर आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, बाबांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे काका, त्यांचा मुलगा आणि सून. दोघे भाऊ एकाच गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर दोघांनी मिळेल ते काम केलं आणि जमेल तेव्हा एकाच इमारतीत खाली-वर घर घेतलं, कारण लांब राहायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. तेव्हा त्यांचं एकमेकांशी बोलणं होतं.

आमच्या मागच्या दाराबाहेर थोडी मातीची जागा आहे. कपड्यांची तार, कढीपत्ता आणि आंबा. आंबा कोणी हौसेने लावलेला नाही. आई होती तेव्हा गावाहून आलेल्या पेटीतली एक कोय तिने तिथे टाकली आणि ती रुजली. फळ आंबटच, पण झाड असं माजलं की आता ते दुसऱ्या मजल्याच्याही वर गेलंय. त्याची एक जाडजूड फांदी सरळ काकांच्या बाल्कनीत शिरते, कठड्यावर टेकते आणि तिथून पुढे सगळा पाला पसरते. खाली त्या फांदीच्या सावलीत बाबा संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात. वर काकांचा रेडिओ लागलेला असतो. आमचाही रेडिओ आहे, चांगला चालतो, पण बाबा तो लावत नाहीत.

दोघांचं बोलणं गणपतीवरून बंद झालं. आमच्याकडे, म्हणजे कोकणात, भावांच्या चुली वेगळ्या होतात, जमिनी वेगळ्या होतात, पण गणपती गावच्या घरात एकच बसतो आणि सगळ्यांनी तिथे जायचं असतं. एका वर्षी काकांचे गुडघे धरले, प्रवास झेपेना, म्हणून त्यांनी मुलुंडलाच मूर्ती आणली. बाबांचं म्हणणं, त्याने गणपती वेगळा केला. काकांचं म्हणणं, गुडघे कसे आहेत हे याने एकदा विचारलं नाही. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे. तसं मी दोघांनाही सांगून पाहिलं आणि दोघेही माझ्यावरच उखडले. त्यानंतर काकी गेली, तेव्हा बाबांनी खांदा दिला, स्मशानात शेवटपर्यंत उभे राहिले, आणि बोलले फक्त लाकडं रचणाऱ्या माणसाशी.

अशी बरीच वर्षं गेल्यावर एका जानेवारीत वहिनी, म्हणजे काकांची सून, खाली आली. तिचं आणि माझं चांगलं जमतं. दोघींनाही या म्हाताऱ्यांचा सारखाच वैताग आहे.

"तुझ्या आंब्यावरून उंदीर येतात गं माझ्या घरात," ती म्हणाली. "काल मशीनचा पाइप कुरतडला. ती फांदी काढून टाक ना यार."

मी लगेच हो म्हटलं. फांदी कापायला काय लागतं, असा माझा समज होता. बाबा मटार सोलत बसले होते. त्यांना सांगितलं की रविवारी माणूस बोलावते.

बाबांनी मान वर न करता म्हटलं, "तेका सांग, मोहर इलोहा. मोहराच्या झाडाक कोयतो लावतत काय?"

"कोणाला सांगू?" मी विचारलं, कारण तक्रार वहिनीची होती आणि 'तेका' म्हणजे 'त्याला', वहिनीसाठी 'तिका' झालं असतं.

बाबांनी डोळ्यांनी वरचा स्लॅब दाखवला.

मी मटारची एक शेंग हातात घेऊन तशीच उभी राहिले. इतक्या वर्षांत बाबांनी भावाला पाठवलेला हा पहिला निरोप होता, आणि तो मोहराबद्दल होता. मी वर गेले. काका बाल्कनीत स्टुलावर बसले होते, नाकासमोर मोहर. निरोप ऐकून त्यांनी समोरचा मोहर हाताने बाजूला सारला. मला वाटलं, रागावले. मग म्हणाले, "मोहर इलो तो माकाय दिसता. तेका इचार, आमच्या बापाशीन गोठ्याकडचो आंबो कधी छाटल्यान?"

मी खाली आले. बाबा म्हणाले, मिरगाच्या आधी, म्हणजे पावसाच्या तोंडावर. मी वर गेले. काका म्हणाले, साफ खोटं, दसऱ्यानंतर, भात कापायला आल्यावर. मी खाली आले. बाबा म्हणाले, दसऱ्यानंतर छाटला तो गोठ्याकडचा नव्हे, बावीकडचा, म्हणजे विहिरीजवळचा. इथे माझं डोकं फिरलं. दोघे एकाच घरात वाढले, एकाच बापाचे मुलगे, आणि आजोबांनी कुठलं झाड कधी छाटलं यावर त्यांचं एकमत नाही. आजोबा मी पाहिलेले नाहीत. गोठा तर माझ्या जन्माआधीच पडला. मी नुसती जिने चढत-उतरत होते. शेवटी म्हटलं, बाबा, फोन लावून देते, तुम्हीच बोला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन खाली ठेवला. व्हॉइस मेसेज तरी करा, म्हटलं. तर म्हणाले, "मोबाइलवर नको. तू जाऊन सांग."

त्या दिवशी एवढं मला कळलं की फांदी कापली तर हे निरोप बंद होतील. आणि नाही कापली तर वहिनी मला सोडणार नाही. दोन्हीपैकी काय व्हावं, हे मला ठरवता येईना. म्हणून मी शहाण्या माणसासारखी चौकशी करायला लागले, की शास्त्र तरी काय म्हणतं ते बघू.

शास्त्राने माझी आणखी वाट लावली. यूट्यूबवर एक हातमोजे घातलेला गृहस्थ भेटला, तो म्हणाला थंडीत, झाड झोपलेलं असताना. आमचं मुलुंडचं झाड थंडीत झोपत नाही, मोहरतं. ऑफिसातली नाशिककडची एक मैत्रीण छातीठोकपणे म्हणाली, "वर्षातून दोनदा. एप्रिलला एक छाटणी, ऑक्टोबरला दुसरी. त्याशिवाय फळ धरतच नाही." मी हे मोठ्या उत्साहाने घरी सांगितलं. बाबांनी विचारलं, तिच्याकडे आंब्याची झाडं किती आहेत. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर कळलं, ती द्राक्षांबद्दल बोलत होती. भांडुपच्या नर्सरीवाल्याने सांगितलं, फळ उतरलं की लगेच. हे मला पटलं. बाबा म्हणाले, फळ उतरतं तेव्हा पाऊस येतो आणि ओली जखम कुजते. हेही पटलं. पाऊस संपल्यावर करू म्हटलं, तर तेव्हा कोवळी पालवी येते, तीच पुढे मोहरते, ती कापली की एक वर्ष गेलं. सगळेच खरं बोलत होते आणि त्यामुळे वर्षात एकही महिना उरत नव्हता.

झाडं कापणारा एक माणूस मी गाठला, रस्त्यावरच्या फांद्या छाटताना दिसला म्हणून. त्याला विचारलं, सीझन कुठला?

"मॅडम, मला पावसाआधीच काम मिळतं," तो म्हणाला. "म्हणून माझा सीझन तोच. बाकी झाडाचं मला काय ठाऊक?"

मार्चमध्ये कैऱ्या धरल्या. काका बाल्कनीतून हात लांबवून कैऱ्या काढतात, हे सगळ्या इमारतीला माहीत आहे. झाड आमचं, पण त्यावर बाबा कधी चकार शब्द बोललेले नाहीत. देठ तुटल्याचा बारीक आवाज येतो आणि खुर्चीवर बसलेले बाबा स्वतःशीच म्हणतात, "काढल्यान वाटता." पंधरवड्याने वहिनी लोणच्याची बरणी आणून देते. कोणी घातलं हे कोणी विचारत नाही. बाबा ते रोज जेवताना घेतात आणि रोज म्हणतात मीठ जास्त झालंय.

एप्रिलमध्ये मी पुन्हा विषय काढला. फांदी कापायला पालिकेची परवानगी लागते, तीही तोपर्यंत आली होती. आता वरून निरोप आला, तोही न मागता. काकांनी मला जिन्यात अडवून सांगितलं, "कावळीण बसलीहा अंड्यांवर. तेका सांग, पितरांच्या जातीक आता हात लावू नको."

बाबांनी हे ऐकून लगेच विचारायला लावलं, कुठल्या बाजूला बसली आहे. भिंतीकडच्या, असं उत्तर आलं. मग तिला दुपारचं ऊन लागत असेल, ते विचार. लागतं, पण पानं आहेत. मग बाबांनी सांगायला लावलं की गावी घरामागच्या फणसावर कावळ्याचं घरटं होतं आणि काकांच्या डोक्यावर कावळीने टोच मारली होती, आठवतं का विचार. काका वर हसले. मी डोळ्यांनी पाहिलं, ते हसले. आणि मग म्हणाले, "माका न्हय. टोच तेका मारल्यान. रडत इल्लो घराकडे."

हे मी खाली येऊन सांगितलं. बाबा मग बराच वेळ डोक्याच्या मागच्या बाजूला हात फिरवत बसले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. आणि लगेच भीतीही वाटली, कारण आता या निरोपांवर माझाच जीव जडायला लागला होता.

पण वहिनीला यातलं काही माहीत नव्हतं आणि सांगायचं तरी काय. मेमध्ये उंदीर तिच्या तांदळाच्या डब्यापर्यंत पोचला. ती खाली आली तेव्हा तिचा आवाज शांत होता, आणि तो शांत असला की मला जास्त धडकी भरते.

"हे बघ, पावसाच्या आत फांदी गेली नाही ना, तर मी बाल्कनी बंद करून घेणार. स्लायडिंग काचा. माणूस माप घेऊन गेलाय."

"आणि काका? ते बसणार कुठे?"

"आत बसतील. सगळे आतच बसतात."

आता प्रश्न सरळ झाला असं मला वाटलं. फांदी राहिली तर बाल्कनी जाते. बाल्कनी गेली तर काका आत, काचेच्या मागे, एसीच्या आवाजात, आणि मग रेडिओही नाही आणि निरोपही नाहीत. तेव्हा बाल्कनी वाचवायची तर फांदी द्यायला हवी. मी हे बाबांना सांगितलं. त्यांना थेट विचारलं, "तुम्हाला ती कापायची आहे की नाही, एकदा काय ते सांगा."

"कापूक व्हयी," बाबा म्हणाले. "पण येळ नको बघूक?"

ते टाळत होते की खरंच वेळ बघत होते, हे मला त्यांच्या तोंडावरून कळेना. मला वाटतं त्यांनाही कळत नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला शेवटचे आंबे उतरले. पाऊस अजून आला नव्हता. मी कपडे काढायच्या काठीला फोन बांधून घरट्याचा व्हिडिओ काढला. घरटं रिकामं होतं, पिल्लं उडाली होती. मोहर नाही, फळ नाही, अंडी नाहीत, पाऊस नाही, पालवी नाही. सगळ्यांनी सांगितलेल्या सगळ्या अटी पाळणारे हे वर्षातले मोजके दिवस होते. मी तो व्हिडिओ घेऊन वर गेले आणि काकांना दाखवला. काकांनी चष्मा लावून पाहिला, पुन्हा पाहिला.

"मगे आता?" ते म्हणाले.

"आता काही अडचण नाही, काका."

ते कठड्यावरचा पाला हाताने चाचपत राहिले. मग म्हणाले, "बघा तर."

मी खाली आले. "तो काय म्हणालो?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं, बघा म्हणाले. बाबा म्हणाले, "मगे बघ." दोघांचं एकमत झालं, आणि मला रडू यायला लागलं. असं का, हे मला सांगता यायचं नाही.

तो माणूस सकाळी आला. दोर बांधला, करवत चालवली आणि चहा थंड व्हायच्या आत फांदी खाली होती. मागच्या खोलीत इतका उजेड आला की भिंतीवरचे जुने ओघळ दिसायला लागले. वहिनी बाल्कनीतून अंगठा दाखवून आत गेली. बाबांनी कापलेल्या जागेवर चुन्यात काहीतरी कालवून लावायला सांगितलं, तेवढंच.

संध्याकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे खुर्ची बाहेर नेली. मी भाजी निवडत होते. जरा वेळाने पाहिलं तर ते खुर्ची घेऊन आत आलेले. मला वाटलं ऊन लागलं. पण ऊन कधीच भिंतीपलीकडे गेलं होतं. मी दारात जाऊन वर पाहिलं, आणि तेव्हा मला कळलं. मधे काही नव्हतं. खालून बाल्कनी पूर्ण दिसत होती, स्टूल, रेडिओ आणि पायजम्यातले काकांचे दोन सुजलेले गुडघे. वरून आमची खुर्ची तशीच दिसत असणार. इतकी वर्षं दोघे एकमेकांपासून हाताच्या अंतरावर बसत होते ते त्या पाल्यामुळे. पाला होता म्हणून कोणी कोणाकडे बघत नव्हतं आणि कोणाला उठून जावं लागत नव्हतं. मी सगळ्यांना 'कधी' विचारत फिरले होते. माझ्या डोक्यात फक्त निरोप होते. निरोपांशिवायही तिथे काही चाललेलं असतं, हे मला दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा बाहेर गेलेच नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. वर रेडिओ लागला आणि लगेच बंद झाला. कुठलाच निरोप नव्हता, ना खालून वर, ना वरून खाली. मी दोनदा काहीतरी बनवून सांगायचा विचार केला, की काका विचारत होते असं असं, पण मला तसलं काही सुचतही नाही.

मग वहिनीचा फोन आला. "आमचे आबा बिघडले गं," ती म्हणाली. आबा म्हणजे काका. "मशीनमधून काढून, वाळवून, घडी घालून ठेवलेली डबल बेडची चादर. ती घेतली, बादलीत बुडवली आणि बाल्कनीत टांगली. मी म्हटलं, धुतलेली आहे ती. तर म्हणतात, असूदे."

मी मागच्या दारात गेले. वर कठड्यावरच्या तारेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, निळ्या फुलांची चादर लोंबत होती. पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. नीट पिळलेली नसल्यामुळे तिच्या कडेने पाणी गळत होतं, अगदी बाबांच्या खुर्चीच्या जागेवर. रेडिओ लागला होता.

बाबा माझ्या मागून आले. त्यांनी एकदा वर पाहिलं, मग खुर्ची उचलली आणि नेहमीच्या जागी नेऊन ठेवली. मी म्हटलं, बाबा, जरा बाजूला घ्या, भिजाल. त्यांनी ऐकलं नाही. ते बसले. पाणी त्यांच्या खांद्यावर, सदऱ्यावर पडत होतं. मी आत येऊन चहा गाळायला घेतला, कारण तिथे उभं राहून काय करावं हे मला समजत नव्हतं.

वर रेडिओचा आवाज कमी झाला. चादरीमागून काका म्हणाले, "पाणी पडता काय रे खाली?"

हा निरोप नव्हता. मला सांगितलेलं नव्हतं. तरी सवयीने मी गाळणं तसंच ठेवून दाराकडे निघाले, काय उत्तर घेऊन वर जायचं ते विचारायला. तेवढ्यात बाबाच बोलले.

"पडांदे," ते म्हणाले.